वन बीएचकेत सालाची ज्वारी

"मॅडम, तुम्ही केलेल्या दिवाणावर माय झोपत नाही. खाली फरशीवर झोपू राह्यली. तुम्ही जरा येऊन बघता का?"

प्रवीण जाधवांचा हा फोन आला तेव्हा मी शहागंजच्या बाजारात बिजागऱ्या निवडत उभी होते. त्यांचं घर पूर्ण करून दिल्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. किल्ली हातात देताना नवरा-बायको दोघंही इतके खूश होते की स्वाती वहिनींनी माझी ओटीसुद्धा भरली होती. मला वाटलं, गादी कडक झाली असेल. गादी बदलता येते. "उद्या येते," म्हटलं आणि दुकानदाराशी अर्धवट राहिलेला वाद पुढे सुरू केला.

मी इंटिरिअर डिझायनर आहे. हे ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झुंबरं आणि चकचकीत संगमरवर येतो. माझ्या वाट्याला ते फारसं आलं नाही. माझी गिऱ्हाइकं म्हणजे सिडकोतली रो-हाउसं, शहरालगतच्या सातारा परिसरातले वन बीएचके आणि वाळूजच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी माणसं. त्यांच्याकडे जागा कमी आणि सामान जास्त. त्यामुळे माझं खरं काम सामान लपवायचं. भिंतीतून खाली येणारं आणि जेवण झालं की परत भिंतीला चिकटणारं टेबल, पायरीच्या पोटातला चपलांचा खण, आरशामागचं कपाट, असल्या गोष्टींत माझा हातखंडा. आमच्या धंद्यात 'डेड स्पेस' असा शब्द आहे. म्हणजे घरातली अशी जागा, जी असते पण कुणाच्या कामाला येत नाही. पलंगाखालची, दारामागची, खिडकीखालची. ती शोधून कामाला लावली की गिऱ्हाईक माझ्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघतं, आणि मला ते आवडतं. का आवडू नये?

जाधवांचं काम तसं माझ्या हातखंड्यातलंच होतं. प्रवीण वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर, स्वाती वहिनी शाळेत शिक्षिका, एक मुलगी सातवीत. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. आणि आता गावाहून आई कायमची राहायला येणार होती. गाव फुलंब्रीच्या पुढं. वडील वारल्यावर आई तिथं एकटीच राहायची. शेत बटईनं दिलेलं, म्हणजे कसणारा दुसरा आणि पिकात निम्मा वाटा हिचा. त्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली आणि शेजारणीला कळेपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून प्रवीणच्या जिवाला घोर लागला होता. याआधी दोनदा त्यांनी आईला आणलं होतं. दोन्ही वेळा आठवडाभर राहून ती परत गेली होती.

"मॅडम, या वेळेस ती टिकली पाहिजे," पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले होते. "दर वेळेस म्हणते, तुमच्या इथं जागा नाय. तिला म्हणायला जागाच ठेवायची नाही आपण."

आई येणार म्हणजे आईबरोबर सालाचं धान्य येणार. शेतीवाल्या घरांत हे सांगावं लागत नाही. बटईचा वाटा म्हणून आलेले गहू, ज्वारी, बाजरी, थोडी तूर. पोत्यांची रास. शहरातल्या माणसाला किराणा दुकानातली पाच किलोची पिशवी माहीत. वर्षाचं धान्य वन बीएचकेत ठेवायचं म्हणजे घरात आणखी एक कुटुंब राहायला आणल्यासारखं असतं.

मी एका दगडात दोन पक्षी मारले होते. हॉलमध्ये खिडकीखाली लांबरुंद दिवाण केला. दिवसा बसायला, रात्री आईला झोपायला. आणि त्याच्या पोटात पत्र्याचे डबे, त्यात धान्य. फळी उचलायला गॅसपंप लावला होता. गाडीची डिकी उघडताना जो दट्ट्या आपोआप वर ढकलतो, तसलाच. गादी काढायची नाही, काही नाही. कड धरून जरा जोर दिला की अख्खा दिवाण तोंड उघडतो. आईचं अंथरूण आणि आईचं धान्य एकाच ठिकाणी. मला तर तो दिवाण बघून स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी गेले, तर दिवाणावर पोरीचं दप्तर आणि माय खाली पटकुरावर, भिंतीला टेकून. सुभद्राबाई त्यांचं नाव. बारीक अंगकाठी, डोळे मात्र धारदार. गुडघा दुखत होता हे बसण्यावरून कळत होतं.

"आजी, गादी टोचते का?"

"गादी लई चांगली हाय."

"मग दिवाण उंच वाटतो का?"

"उंच कामून वाटंल? चांगला हाय."

"मग झोपत का नाही?"

त्यांनी दिवाणाकडे बोट केलं. "त्याच्या पोटात काय हाय?"

"धान्य. तुमचंच."

"मंग? ज्याच्यावर जगायचं त्याच्यावरच पाय पसरायचे व्हय?"

प्रवीण दारात उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "पंधरा दिवस झाले, आम्हाला नुसतं 'नको' म्हणत होती. हे आत्ता सांगू राह्यली."

"तुम्ही इचारलं कव्हा? तुम्ही म्हणायले, माय दिवाणावर झोप, दिवाणावर झोप."

खरं तर हे मला कळायला हवं होतं. धान्याला चुकून पाय लागला तर आपण वाकून हात लावतो आणि कपाळाला लावतो. माझ्या घरीही तेच. पण प्लायवूड आणि गादी मध्ये आली की ते धान्य राहत नाही, 'स्टोरेज' होतं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी तसं बोलूनही दाखवलं. मध्ये फळी आहे, फळीवर गादी आहे, पाय कुठे लागतो?

"बरं," माय म्हणाल्या. "मंग देवघरावर फळी टाकून बसशील का तू?"

मला हसूच आलं. स्वाती वहिनी स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होत्या. माय मात्र हसल्या नाहीत. "आन मी एक झोपत नाय, पर सोयरे येत्यात, ते काय करत्यात? त्याच्यावरच बूड टेकवून च्या पित्यात. मला त्यांच्याकडं बघवंना."

एवढं समजल्यावर उपाय सोपा होता. धान्याच्या वर कुणी नको, तर धान्यच सगळ्यांच्या वर नेऊ. बेडरूममध्ये बिल्डरनं दिलेला लॉफ्ट होता. लॉफ्ट म्हणजे छताखालचा माळा. त्यात बॅगा आणि जुनी रजई होती. ती मी दिवाणाच्या पोटात आणली आणि डबे लॉफ्टवर चढवले. लॉफ्टला फार वजन झेपत नाही, म्हणून जी पोती उरली ती बेडरूमच्या दारामागे एकावर एक रचली आणि त्यांच्यापुढे सरकतं फळकूट लावलं. चढायला घडीची शिडी दिली. प्रवीणनी तोडगाही काढला. दर रविवारी ते शिडीवर चढून आठवड्यापुरतं धान्य खालच्या डब्यात काढून ठेवणार.

त्या रात्री माय दिवाणावर झोपल्या. सकाळी प्रवीणचा मेसेज आला, हात जोडल्याच्या चित्रासकट. मी विषय मिटला म्हणून दुसऱ्या साइटवर गेले. साइट म्हणजे जिथं काम चालू आहे ते घर.

महिना झाला असेल. पुन्हा फोन. या वेळी स्वाती वहिनींचा.

"मॅडम, आत्याबाई गावी परत जायचं म्हणतायत. बॅग भरून ठेवलीय त्यांनी. आम्ही काही बोललो का म्हणून विचारलं, तर नाही म्हणतात. इथं गमत नाही, एवढंच. आमचे हे तर दोन दिवस जेवलेच नाहीत नीट. तुमच्याशी त्या दिवशी बोलल्या होत्या, म्हणून तुम्हाला फोन केला. तुमचं हे काम नाही, मला कळतं."

माझं काम नव्हतंच. फर्निचर केलं, पैसे मिळाले, संपलं. पण मला ते सलत राहिलं. माझ्या हातचं घर असून माणूस त्यात राहायला तयार नाही, हा एक प्रकारे माझा अपमानच होता. आणि दुसरं, प्रवीणचं ते 'या वेळेस टिकली पाहिजे' मला आठवत होतं. माझी स्वतःची आई माझ्या घरी कधी राहिली नाही. बोलावलं नाही असं नाही, पण राहिली नाही. तो विषय इथला नाही.

मी मुद्दाम दुपारी गेले. प्रवीण शिफ्टला, वहिनी शाळेत, मुलगीही शाळेत. माय एकट्या होत्या. मला बघून त्यांना बरं वाटलं हे दिसलं.

"बस. भाकर टाकते."

"नको आजी, मी जेवून आले."

"जेवून आली तरी चतकोर खाशील का नाय?"

त्या उठल्या, ओट्याखालचा डबा काढला, झाकण उघडलं आणि तशाच थांबल्या. पिठाच्या डब्यात तळाला पीठ होतं. ज्वारीच्या डब्यातही तळच दिसत होता. मी म्हटलं, "राहू द्या, रविवारी प्रवीणभाऊ काढतील." बोलून गेले आणि मग त्यांचा चेहरा बघितला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आइतवारी काढंल तो. आठवड्याचं मोजून. रेशनच्या दुकानावानी."

मग त्या खाली बसल्या आणि बोलायला लागल्या. गेल्या मंगळवारी गावाकडची एक बाई आली होती. तिचा नवरा इथं दवाखान्यात भरती. ही त्याच्यासोबत. दवाखान्याच्या आवारात तीन दगडांवर रांधून खात होती. पत्ता विचारत विचारत मायला भेटायला आली. मायनं चहा दिला. निघताना तिच्या पदरात चार शेर ज्वारी घालावी, म्हणून उठल्या.

"डब्यात मूठभर. वर बघितलं तर माळ्यावर माझी ज्वारी. शिडीला हात लावला, पर गुडघा उचलंना. त्या दाराआडच्या पोत्याचं तोंड सुतळीनं शिवल्यालं, त्याच्यावर अजून दोन पोती. मला हलंनात." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "गेली ती. रिकाम्या हातानं गेली माझ्या दारातून. घरात सालाचं धान्य, आन मला मूठभर काढता येईना."

"स्वाती वहिनींना सांगायचं. त्यांनी काढून दिलं असतं."

"ती देईल की. लई गुणाची पोर हाय. पर मी मागायचं?" आवाज चढला नव्हता, पण मान ताठ झाली होती. "माझी सासू गेल्यापून म्या कोणाला मागून खाल्लं नाय. माझ्या हातानं काढलं, माझ्या हातानं दिलं. इथं माझंच मला मागावं लागतंय. मंग मी इथं कोण? पावणी. पावणीनं किती दिवस ऱ्हावं?"

मला तिथल्या तिथं वाईट वाटलं आणि रागही आला. राग स्वतःवर नव्हे, त्या शिडीवर, त्या गॅसपंपावर. गॅसपंपाचा दिवाण तरी त्यांना उघडता आला असता का? मी उठून कड धरून पाहिली. मला जोर लावावा लागला. त्यांना उघडलाच नसता. म्हणजे त्या त्यावर झोपल्या असत्या तरी हे झालंच असतं, फक्त थोडं उशिरा. धान्य त्यांच्या बाजूनं या घरात आलं होतं. या घरात त्या फुकट राहत नव्हत्या, हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती, आणि ती आम्ही दोनदा त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवली होती. पहिल्यांदा गादीखाली, मग छताखाली.

"आजी, बॅग आजच्या दिवस सोडून ठेवा," मी म्हटलं. "मला एक करून बघू द्या. नाही जमलं तर मीच तुम्हाला बसमध्ये बसवून देईन."

"तू बसवणार? बरं."

पण जागा कुठली? वन बीएचकेत मोकळी भिंत नसते. होती ती सगळी मीच भरून टाकली होती. राहिली फक्त हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली जागा. बिल्डरनं तिथं भिंत दिलेली नव्हती, 'ओपन किचन' म्हणून. तिथं मी लाकूड आणि काचेचं पार्टिशन केलं होतं. दोन्हीकडून दिसणारं शोकेस, आत छोटे दिवे. या घरातलं माझं सगळ्यात लाडकं काम. त्याचे फोटो मी नव्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर दाखवायचे. आत काय होतं? एक काचेचा मोर, कंपनीत मिळालेली दोन स्मृतिचिन्हं आणि लग्नात आलेला न वापरलेला कपबशांचा सेट.

म्हणजे घरातली सगळ्यात मोठी डेड स्पेस मीच तयार केली होती, आणि वर तिच्यात दिवे लावले होते.

त्या संध्याकाळी मी नवरा-बायकोसमोर कल्पना मांडली. शोकेस काढायचं. त्या जागी उभ्या कोठ्या बसवायच्या. माणसाच्या उंचीच्या, अरुंद, आतून पत्रा आणि बाहेरून लाकूड. गव्हाची, ज्वारीची, बाजरीची. वरून झाकण उघडून धान्य ओतायचं, ते वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळेस, ते काम प्रवीणचं. आणि काढायचं खालून. खाली तोंडाशी सरकती पट्टी. वर उचलली की धान्य पातेल्यात पडतं, सोडली की बंद. कोठीचा तळ उतरता, त्यामुळे शेवटचा दाणाही तोंडाशी येतो. आणि आधी भरलेलं आधी बाहेर पडतं, त्यामुळे जुनं धान्य तळाला पडून किडत नाही.

प्रवीण ऐकत होते, पण चेहरा पडत चालला होता. "मॅडम, हॉलमध्ये? समोरच?"

"समोरच."

"कंपनीतले लोक येतात घरी. ते म्हणतील, जाधवांनी हॉलमध्ये धान्याचा मोंढा टाकला. आत कुठंतरी बसवा ना. दिसणार नाही असं काहीतरी करा. तुम्ही तर त्यातल्या एक्सपर्ट."

"दिसणार नाही असं दोनदा केलं. पहिल्या वेळी तुमची आई फरशीवर झोपली, दुसऱ्या वेळी बॅग भरली."

"तिला पाहिजे तेव्हा मी काढून देतो म्हटलं ना. रोज काढून देतो."

"तिला तुम्ही काढून द्यायला नकोय. तिला स्वतः काढायचंय."

मला जरा जास्त बोलल्यासारखं वाटलं. तेवढ्यात स्वाती वहिनी म्हणाल्या, "मोराचं काय करायचं तेवढं सांगा. बाकी उद्या काढा." मग नवऱ्याकडे वळून, "माझ्या शाळेतल्या सगळ्या बाया विकतचं पीठ आणतात. आपल्या घरात शेतातली ज्वारी येते, ती लपवायची कशाला? मी तर सगळ्यांना दाखवीन."

माय दिवाणावर बसून हे ऐकत होत्या. सुनेकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की मी नजर दुसरीकडे वळवली.

आता अडचणी. पहिली, वजन. माझ्या ओळखीचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, म्हणजे इमारतीच्या खांबांना आणि तुळयांना किती भार झेपेल याचा हिशेब करणारे. त्यांनी नकाशा बघून सांगितलं, कोठ्या बरोबर तुळईवर येतायत, पण सगळ्या सालाचं धान्य एकदम नको. निम्मं ठेवा, ते संपत आलं की निम्मं आणा.

हे मायला सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

"निम्मं? मंग त्याला सालाचं कसं म्हणायचं?"

"निम्मं साहेबरावकडे राहील ना." साहेबराव म्हणजे त्यांचं शेत बटईनं करणारे गृहस्थ.

"साहेबराव इमानदार हाय. पर त्याच्याकडं उंदरं लई."

बऱ्याच वेळानं, उंदरांचा बंदोबस्त करायला साहेबरावांना फोन करून दम दिल्यावर, त्या तयार झाल्या.

दुसरी अडचण मी स्वतः ओढवून घेणार होते, पण वाचले. सरकती पट्टी मी चित्रात ओट्याच्या उंचीला दाखवली होती. आमच्या पुस्तकात स्वयंपाकघरातल्या कामाची उंची ठरलेली असते. या वेळी मात्र शहाणपणानं आधी विचारलं. "आजी, ज्वारी काढल्यावर काय करता ते जरा करून दाखवा." त्यांनी सूप घेतलं आणि बसल्या फरशीवर. पाखडायचं, निवडायचं, खडे काढायचे, सगळं बसून. मी पेन्सिलनं तिथल्या तिथं उंची बदलली. बसल्या जागी हात पुढे केला की पट्टी हाताला लागली पाहिजे. आणि कोठ्यांच्या समोर सूप फिरेल एवढी जागा. त्यासाठी जेवणाचं घडीचं टेबल मला भिंतीवर दीड हात पुढे सरकवावं लागलं.

पत्र्याचं काम शहागंजातल्या रफीकभाईंकडे दिलं. ते वर्षानुवर्षं माझं काम करतात. चित्र उलटसुलट बघून म्हणाले, "मैडम, आज तक तो तुम बोलते थे, रफीकभाई, पत्रा दिखना नक्को. अब हॉल में कोठी?"

"हौ. अब दिखने दो."

"अच्छा है. हमारी अम्मा के घर में भी ऐसीच थी. अब कोई बनाने कू नहीं बोलता." त्यांनी काम झकास केलं. फक्त पट्ट्या सुरुवातीला घट्ट बसल्या. मायच्या दोन बोटांनी उचलतील अशा व्हायला हव्यात, असं मी सांगितलं. त्यांनी खाचांना मेण चोळलं आणि मग पट्ट्या अलगद सरकायला लागल्या.

कोठ्या बसल्या त्या दिवशी घरात सणासारखं वातावरण होतं. मायनं तिन्ही कोठ्यांना हळदी-कुंकू लावलं, तळाशी कडुनिंबाचा पाला टाकायला लावला. प्रवीण स्टुलावर चढून पोतं ओतत होते आणि घरभर धुरळा उडत होता. मुलगी शिंकत होती. धान्य पत्र्यावर पडल्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण खालच्या वहिनी काय झालं म्हणून बघायला वर आल्या. मायनं बसल्या बसल्या पट्टी उचलली, परातीत ज्वारीची धार धरली, सोडली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. मग भरलेली परात खालच्या वहिनींपुढे सरकवली.

"घ्या. आमच्या शेतातली हाय."

"अहो आजी, एवढी कशाला?"

"घ्या म्हणते ना."

विचारलं कुणाला नाही, बघितलं कुणाकडे नाही. बॅग कधी रिकामी झाली ते मला ठाऊक नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवं पीक आलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. कोठ्यांचं काम ठीक चाललंय ना हे मलाही बघायचंच होतं. एका कोठीची पट्टी झिजली होती, बाकी उत्तम. हॉलमध्ये कंपनीतली माणसं येत होती आणि कोठ्या काय आहेत हे प्रवीण स्वतःच उत्साहानं समजावत होते, असं वहिनींनी मला हळूच सांगितलं. पट्टी उचलून दाखवायचेसुद्धा. मायच मग म्हणायच्या, सांडवू नको.

साहेबराव टेम्पोत पोती घेऊन आले होते. प्रवीण आणि ते एकेक पोतं जिन्यानं वर आणत होते. चहा झाल्यावर साहेबराव निघाले, तेव्हा मायनं कमरेच्या पिशवीतून एक किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"गावच्या घराची हाय. तुझा कडबा पावसात भिजतो, तो ठेव आत. वापरत ऱ्हा. बंद घराला वाळवी लागती."

साहेबराव संकोचले. "आन तुम्ही आल्यावर, माय?"

"मी येईन की. पोळ्याला येईन, दोन दिस ऱ्हाईन. माझी खोली तेवढी झाडून ठिव."

प्रवीण पोत्याची सुतळी उसवत होते. त्यांचा हात थांबला. आईकडे त्यांनी पाहिलं नाही, मान खाली घालूनच उभे राहिले, मग सुतळी पुन्हा उसवायला लागले. मी विनाकारण टेप काढून कोठीची रुंदी मोजली.

या कामाचे फोटो मी नव्या गिऱ्हाइकांना दाखवते. काहींना आवडतात, काही विचारतात की हे झाकता येईल का. जाधवांनंतर मी एक सवय लावून घेतली आहे. नव्या घरात गेल्यावर टेप काढायच्या आधी विचारते, तुमच्याकडे वर्षातून एकदा काय येतं, आणि ते कोण उघडतं? बहुतेक जण गोंधळतात आणि म्हणतात, एसीची सर्व्हिसिंग करणारा. त्यांचं घर मी महिन्याभरात उरकते. कुणी ज्वारी म्हणालं, तर आधी आई कुठं बसते ते विचारते.